पंखा सतत चालतो, पण थर्मोस्टॅटवर संशय नको

थर्मोस्टॅट (कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, तापमानानुसार रेडिएटरकडे सोडणारी झडप) नवा बसवूनही गाडीच्या रेडिएटरचा पंखा थांबत नाही असे आपण लिहिले आहे, त्यात मला नवल वाटत नाही. कारण उघडा अडकलेला थर्मोस्टॅट इंजिन थंड ठेवतो, म्हणजे पंखा उलट कमी फिरायला हवा. एसी चालू असताना पंखा फिरणे स्वाभाविकच आहे, तेव्हा आधी एसी आणि काचेवरचे धुके घालवणारी सोय, दोन्ही बंद करून पाहा.

मग गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी इंजिन सुरू न करता नुसते इग्निशन चालू करावे आणि स्कॅनरवर (गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) कूलंटचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान ताडून पाहावे. दोन्हींत चार-पाच अंशांहून अधिक फरक असेल, तर कूलंटचे तापमान मोजणारा सेन्सर किंवा त्याची वायर तपासा. सेन्सरचा सिग्नल तुटला की बहुतेक गाड्यांचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) इंजिन तापल्याचे गृहीत धरून पंखा सरळ चालू करतो. इग्निशन बंद केल्यावर तासाभरानेही पंखा फिरतच असेल, तर रिलेचे (पंख्याची वीज चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचचे) कॉन्टॅक्ट चिकटलेले असण्याची शक्यता अधिक.

माझ्या गाडीत मात्र विजेची बाजू निर्दोष होती. कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे बसवलेली एसीची जाळी) थोडा पुढे सरकवला तेव्हा त्याच्या आणि रेडिएटरच्या फटीत धूळ व किड्यांचा, हवा अडवणारा, नमद्यासारखा थर निघाला, जो समोरून टॉर्च मारूनही दिसत नव्हता. तो पंख्याच्या बाजूने, हलक्या दाबाच्या पाण्यानेच धुवावा. जोराच्या फवाऱ्याने रेडिएटर-कंडेन्सरच्या जाळीची नाजूक पाती वाकतात.