'व्होर्टेक्स मॅनिप्युलेटर'ला मराठीत काय म्हणावं?

खानापूर
सुट्टीत आलेल्या भाचरांना 'डॉक्टर हू'च्या गोष्टी मराठीत सांगते आहे. बीबीसीवर १९६३ साली सुरू झालेली मालिका. डॉक्टरचं काळात फिरणारं यान म्हणजे टार्डिस. ते नावच आहे, तसंच ठेवलं. अडलंय ते 'व्होर्टेक्स मॅनिप्युलेटर'शी, म्हणजे कॅप्टन जॅक हार्कनेसच्या मनगटावरच्या, काळात नेणाऱ्या चामडी पट्ट्याशी. जॅक ५१व्या शतकातल्या 'टाइम एजन्सी'चा माणूस. या पट्ट्याला टार्डिससारखी खोली नाही, भिंती नाहीत. माणूस उघड्या अंगानं काळात शिरतो. मी 'कालपट्टा' म्हटलं, तर धाकट्यानं विचारलं, "आणि आजचा कुठाय?"

निपाणी
ताई, बरोबरच विचारलं त्यानं. बोलण्यात 'काल' म्हणजे आदला दिवस. 'काळपट्टा'ही नको, त्यात 'काळपट' ऐकू येतं. मूळ शब्दातला व्होर्टेक्स धरा. भोवरा!

शहापूर, बेळगाव
भोवरा म्हटलं की पोरांना जाळी गुंडाळून फेकायचा लाकडी भोवराच आठवणार. आमच्या शेजारी कन्नड बोलतात, त्यांच्याकडं दोन शब्द आहेत: पाण्यातला तो 'सुळि', खेळातला 'बुगुरि'. मराठीत 'आवर्त' घ्यावा, म्हणजे गोंधळ नाही.

खानापूर
आवर्त मुलांना समजावून सांगावा लागेल. भोवरा त्यांनी पावसाळ्यात मलप्रभेच्या पुलावरून पाहिलाय. डोक्यावरचा भोवराही त्यांना ठाऊक आहे.

निपाणी
मला तर दोन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत हेच मोलाचं वाटतं. नदीच्या भोवऱ्यात माणूस 'सापडतो', 'ओढला जातो'. तिथं त्याचं काही चालत नाही. खेळातला भोवरा मात्र आपण 'फिरवतो', तळहातावर 'घेतो'. जॅकचं साधन नेमकं या दोन्हींच्या मधलं आहे. काळाचा प्रवाह ओढणारा, आणि तो हाती धरायची धडपड. धडपडच, कारण एकदा १८६९ सालात पोचल्यावर ते जळून गेलं आणि जॅक तिथंच अडकला. म्हणजे फिरवणाराच सापडला. मॅनिप्युलेटरसाठी 'नियंत्रक' लावला असता तर ही गोष्ट शब्दात आलीच नसती.

शहापूर, बेळगाव
हे पटलं. मी आवर्त मागं घेतो. मग 'भोवरपट्टा' म्हणू या. घोडा-घोडदळ, सोनं-सोनचाफा, तसा भोवरा-भोवरपट्टा. एक सांभाळा: 'पट्टा फिरवला' लिहू नका. आमच्याकडं शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा बघितलेली पोरं तलवारच समजतील.

खानापूर
मग 'बांधला' म्हणते, घड्याळासारखा. काल रात्री सांगून पाहिलं: "जॅकनं भोवरपट्टा बांधला, झाकण उघडलं, आणि भोवऱ्यानं त्याला आत घेतलं." कुणी अर्थ विचारला नाही. धाकट्यानं एवढंच विचारलं, बाहेर कुठल्या साली निघाला?