विसावा नेमका घेतात कसा? (तेर्स, कुमसार, नोवेना)

डिचोलीकर
आज २४ नोव्हेंबर, जुन्या गोव्याची नोवेना (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू झाली आणि शाळेच्या भिंतीवरचं वचन आठवलं: 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो'. बायबल, मत्तय ११:२८. येशू म्हणतो, माझ्याकडे या, मी विसावा देईन. सगळे 'विसावा देईन' इथेच थांबतात. पण पुढच्याच ओळीत येशू जू घ्यायला सांगतो! फक्त ते 'सोयीचं' आहे म्हणतो. बैलवाल्याला अर्थ सांगावा लागत नाही. जू मानेवर नीट बसलं नाही की खांदेसूज येते, मग रिकामी गाडीही ओढवत नाही. शिवाय जू दोघांचं असतं. तर हे जू रोज घेतात कसं ते लिहा. प्रवचन नको, कृती हवी.

माडाखाली
तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. ५९ मणी, १५ ते २० मिनिटं. खुरसावर (क्रूसावर) 'सतमानतां' (श्रद्धेची कबुली), मोठ्या मण्यावर 'आमच्या बापा', तीन छोट्यांवर 'नमान मारिये', मग दहा-दहाचे पाच भाग. प्रत्येक भागाला येशू-मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात आणायचा: सोम-शनि आनंदाचे प्रसंग, मंगळ-शुक्र दुःखाचे, बुध-रवि वैभवाचे. गुरुवारचे प्रकाशाचे प्रसंग पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये घातले, त्यामुळे घरातल्या जुन्या पुस्तकात शोधत बसू नका.
बिघडतं कुठे? शर्यतीत. एका श्वासात दोन नमान म्हटले तर विसावा कसला, धापच लागते. मन भटकणारच, त्यावर चिडू नका, हातातल्या मण्यापासून पुढे चला. मागे जाऊन परत मोजायला लागलात की संपलं. वेळ नसेल तर एकच दहाका, ३-४ मिनिटं.

पोह्यांचा डबा
म्हणजे कुकरच्या तीन शिट्ट्यांत दोन दहाके 😀

माडाखाली
शिट्ट्या मोजाल की मणी?

शांतादुर्गा_कृपा
आम्ही हिंदू. मिसेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) बसलं तर चालतं ना? उठायचं-बसायचं काही कळत नाही.

रायबंदर फेरी
खुशाल बसा. मागच्या बाकावर बसा आणि पुढचे उठले की उठा. कुमगाराच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) रांगेत मात्र जायचं नाही, तो बाप्तिस्मा घेतलेल्या कॅथलिकांसाठी. ते लोकही त्याआधी एक तास काही खात नाहीत, पाणी-औषध चालतं. खांदे, गुडघे झाकलेले हवेत. जुन्या गोव्यात नोवेनाच्या मिसा बासिलिकेबाहेर (तिथल्या मोठ्या चर्चबाहेर) मांडवात होतात. जागा पाहिजे तर पहाटेची गाठा.

आणि कुमसाराचं (पाद्रीपुढे पापं कबूल करण्याचं) कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण खरं ओझं तिथे उतरतं. आधी शांत बसून आठवायचं. आत गेल्यावर मागच्या कुमसाराला किती दिवस झाले ते सांगायचं, मग काय केलं आणि साधारण किती वेळा. गंभीर गोष्ट मुद्दाम लपवली तर कुमसारच फुकट. मग पश्चात्तापाची प्रार्थना, क्षमेचे शब्द आणि पाद्री देईल ते प्रायश्चित्त. ते त्याच दिवशी उरका, नाहीतर विसरतं. ऐकलेलं पाद्री कुणालाही सांगू शकत नाही, थेट फोडलं तर तोच बहिष्कृत होतो. नेहमीची चूक: लोक सासूची पापं सांगतात. आपली सांगायची असतात!

सुंगटां-भात
सासूवर वेगळा धागा काढा 😂

कुळागर
रात्री तेर्स म्हणताना झोप लागणाऱ्यांसाठी इग्नेशियसची पद्धत. (हा जेझुइट संघाचा संस्थापक. बासिलिका त्या संघाचीच, आणि ६ मे १५४२ ला गोव्यात उतरलेले झेवियर त्याचेच सोबती.) १० ते १५ मिनिटं, पाच पायऱ्या. दिवसाबद्दल आभार, प्रकाशाची मागणी, सकाळपासून तासातासाने उजळणी, चुकल्याची क्षमा, उद्यासाठी एकच ठरवणं. एकच! पाच ठरवलीत तर ते नवं ओझं. उजळणीत अर्धाअधिक वेळ द्या. स्वतःला झोडपायची ही वेळ नाही, देव कुठे भेटला आणि आपण कुठे पाठ फिरवली एवढंच बघायचं. अंथरुणात नको, खुर्चीवर.

शांतादुर्गा_कृपा
धन्यवाद दादा. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला (मारियेला) तेल नेतो आम्ही, तेवढं माहीत होतं.

डिचोलीकर
तिचं फेस्त (सण) ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी. शिरगावची लईराई देवी तिची बहीण म्हणतात, माहीत असेलच.

वाड्यावरची
मे महिन्यात खुरसाकडे लादाइन (मारियेची सामूहिक स्तुती-प्रार्थना) येते ती विसरलात सगळे? लॅटिन गाणं, व्हायोलिन, सगळा वाडा. एकट्याने जमत नाही त्याने शेजाऱ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळावा, शब्द चुकले तरी वाहून जातात. नंतरचे चणे रात्रभर भिजवायचे, मीठ मऊ झाल्यावर घालायचं. सुका १ किलो शिजून दुपटीहून जास्त होतो, अंदाज चुकला तर दुसऱ्या दिवशी घरात चणेच.

पोह्यांचा डबा
खोबऱ्याचे काप घालता का?

वाड्यावरची
घालायचेच रे. आणि उरलेच तर तुझ्या डब्यात.

पोह्यांचा डबा
देव बरें करूं 🙏