साइझचं अक्षर नको, माप बघा
‘एल मागवला तरी कुर्ता छातीत आवळतोच’ अशी ऑनलाइन कपडे मागवणाऱ्यांची तक्रार असते, म्हणून सांगते. अक्षरावर मुळीच जाऊ नका. अंगाला नीट बसणारा जुना कुर्ता पलंगावर सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत टेपने मोजा आणि दुप्पट करा. २० इंच भरलं तर कुर्त्याची छाती ४०. मग साइझ चार्टमधलं माप कपड्याचं आहे की अंगाचं, ते बघा. खरी गल्लत इथेच होते! अंगाचं असेल तर स्वतःची छाती मोजूनच जुळवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, त्यामुळे मी ते किंचित सैलच घेते. रंगासाठी ग्राहकांनी घरी काढलेले फोटो बघावेत. आणि घालून बघेपर्यंत टॅग कापू नका, नाहीतर बरेच विक्रेते कपडा परत घेत नाहीत.