अ‍ॅम्बेसिडरचा पुढचा भाग घरीच खोलतो म्हणतो, टॉर्शन बारचं काय करू?

घाटंजीवाला

नमस्कार मंडळी. गाडी १९८४ ची मार्क ४, पेट्रोल. बाबांनी यवतमाळच्या एका वकिलाकडून घेतलेली. सहा वर्षं कापसाच्या कोठीत उभी होती, गेल्या दिवाळीत चालू केली. इंजिन एकदम ठणठणीत, दुखणं सगळं पुढच्या चाकांत.

चाळीसच्या वर गेलो की स्टेअरिंग असं थरथरते की धरवत नाही. बैलगाडीच्या चाकोरीत डावं चाक गेलं की खालून 'खडक' असा आवाज येतो. डावा टायर आतल्या बाजूनं पार बोडका झाला.

तालुक्यातल्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, हे सगळं कापून फेकू आणि दुसऱ्या गाडीचा पुढचा भाग वेल्ड करून देऊ, एवढं जुनं काम आता कोणी करत नाही. मी गाडी तशीच परत आणली. गोठ्याच्या बाजूला सिमेंटचा कोबा आहे, तिथं स्वतः करायचा विचार आहे. मृगाच्या आत झालं तर बरं, नाहीतर पेरण्या लागल्या की कोण पाहते.

सामान: दोन बॉटल जॅक (एक ट्रॅक्टरचा), पान्ह्यांचा सेट, ट्रॅक्टरचीच ग्रीसगन. अडचण अशी की पुढं स्प्रिंग कुठं दिसतच नाही. गॅरेजवाला म्हणे, आत एक रॉड असते, खोलली की फटाक्यासारखी सुटते, पाय मोडून घेशील. यात खरं किती? आणि सामान मिळते कुठं, की आपला लेथवाला करून देईल?

डेपोतला काका

बाबू, भिऊ नको, पण हलक्यातही घेऊ नको. माही नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपात गेली आणि घरी १९ वर्षं हीच गाडी होती. ते रॉड म्हणजेच टॉर्शन बार, तिची स्प्रिंग. चाक धरणाऱ्या खालच्या आर्मपासून निघते आणि बैठकीखालच्या आडव्या मेंबरपर्यंत मागं जाते. चाक वर गेलं की रॉड पिळल्या जाते, बस. फटाका तेव्हाच होते जेव्हा माणूस पीळ न उतरवता नट खोलते.

आधी रोग पाय, मग चिरफाड कर. चाक जमिनीवरून उचल, वरून आणि खालून धरून हलव. घरच्या कोणाले ब्रेक दाबून धराले सांग. ब्रेक दाबल्यावर हालणं बंद झालं तर बेअरिंगची गोष्ट आहे, हब खोलून निपटते. हालतच राहिलं तर ट्रुनियनचे, म्हणजे चाकाचा खांब आर्मले धरणाऱ्या सांध्याचे, आटे गेले.

आटे गेले असतील तर आयक. गाडी चेसिसखाली ठोकळ्यावर घे. बाभळीचे ठोकळे घे, विटा नको. वीट सांगून फुटत नाही. दुसरा जॅक खालच्या आर्मखाली लाव आणि आर्म थोडा उचलून धर, आता सगळा पीळ त्या जॅकवर आला. ब्रेकचं ड्रम आणि प्लेट तारेनं टांगून ठेव, ब्रेकच्या नळीवर लटकू देऊ नको. स्टेअरिंगचा टायरॉड एंड सोडव. वरचा जोड सुटला की जॅक मुंगीच्या पावलानं उतरव. आर्म खाली येत येत एका जागी थांबते. तिथं पीळ संपला. तोवर पाय आणि तोंड आर्मच्या रेषेत नको.

ट्रुनियनसाठी रॉड काढायचं काम नाही. तरी मागच्या टोकाले रॉड आणि लिव्हरवर पंचनं एक-एक टिंब मारून ठेव. उद्या काढायची पाळी आली तर त्याच दात्यावर बसली पाह्यजे, नाहीतर गाडी एका बाजूले लवते. डावी रॉड डावीकडंच, उजवी उजवीकडंच. आणि वेल्डिंगवाल्याले रॉडच्या आसपास फिरकू देऊ नको. गरम केली की तिचं पाणी उतरते, छिन्नीचा ओरखडा पडला तरी तिथून तुटते.

लेथवाल्याचं विचारलं म्हणून सांगतो, नको. अख्खं चाक त्या आट्यांवर उभं असते. खालचे आटे संपले की चाक आडवं पडते आणि गाडी नाकावर बसते. मी आर्णी रोडवर पायलं आहे. गाडी हळू होती म्हणून निभलं.

मायनरवाला, पुणे

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी दोन-तीन गोष्टी जोडतो. अ‍ॅम्बेसिडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, सिरीज ३. पुढच्या टॉर्शन बारची पद्धत १९४८ च्या मॉरिस मायनरपासूनची, अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्या हातची. माझ्याकडे मायनर आहे, तेच दुखणं आणि तेच औषध.

१. पान्हे इंची लागतील. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याला १३ नंबरचा पान्हा जवळपास बसतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे खातो.

२. डाव्या-उजव्या ट्रुनियनचे आटे उलटसुलट असतात. मागवताना बाजू सांगा आणि हातात आल्यावर जुन्याशी ताडून पाहा. बसत नाही म्हणून दांडगाई करू नका.

३. गाडी २०१४ ला उत्तरपाड्यात बंद झाली, तरी कोलकात्याच्या मल्लिक बाजारात सामान निघतं. तिथल्या पिवळ्या टॅक्सींनी ते जिवंत ठेवलं. दिल्लीत काश्मिरी गेटला विचारा.

घाटंजीवाला (तीन आठवड्यांनी)

डावी बाजू झाली. उशीर झाला त्याचं कारण खाली येतेच.

काकांची परीक्षा आधी केली. आईला ब्रेकवर बसवलं. तिनं जन्मात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागेवर पाय ठेवला, काम झाल्यावर उतरायलाच तयार नव्हती. ब्रेक दाबूनही चाक हालत होतं. म्हणजे ट्रुनियन.

दुपारी ४५ डिग्री, पान्हा हातात धरवत नव्हता, म्हणून पहाटे पाच ते नऊ एवढंच काम. जॅक उतरवताना छाती धडधडत होती. झालं काहीच नाही. आर्म म्हाताऱ्या बैलासारखा हळूहळू खाली बसला आणि थांबला.

खरा चोर ग्रीस निप्पल, म्हणजे ग्रीस मारायचं तोंड, निघाला. काळ्या मातीचा गट्टू आत दगडासारखा बसला होता. बाबा दर महिन्याला ग्रीस मारायचे, पण ते सगळं बाहेरच्या बाहेर पुसून निघत होतं. आत एक थेंब नाही. खालचा ट्रुनियन उघडला तर आटे झिजून पात्यासारखे झालेले, बोट फिरवलं तर रक्त निघालं. ते बोट आठ दिवस रॉकेलनं चुरचुरत होतं.

आता माझी चूक. रबरी बुशांचे बोल्ट मी आर्म लोंबकळत असतानाच कसून टाकले. गाडी खाली घेतली तर डावी बाजू दोन बोटं उंच, आणि हलवली की बुश कुरकुरते. रात्रभर वाटलं, रॉडचा दाता हुकला. सकाळी आठवलं की रॉड तर काढलीच नाही. मग बोल्ट सैल केले, गाडी चाकांवर उभी केली, चार वेळा पुढून दाबून हलवली आणि तशीच वजनावर असताना बोल्ट कसले. बरोबर बसली. ही गोष्ट तुमच्यापैकी कोणीच सांगितली नाही, रागावत नाही, पण नोंदवून ठेवतो.

कोलकात्याचं पार्सल नऊ दिवसांनी आलं. बाजू दोनदा सांगूनही दुकानदारानं दोन्ही ट्रुनियन डावीकडचेच पाठवले. एक बसवला, दुसरा परत गेला. म्हणून उजवी बाजू अजून तशीच आहे. गाडी ठोकळ्यांवर, मृग दारात.

डेपोतला काका

बोल्ट वजनावर कसायचे, हे सांगाचं राहून गेलं, माही चूक. इतकी वर्षं केलं की हातच करते, तोंडाले आठवत नाही.

नवा निप्पल टाकला न? ग्रीस मारताना चाक जॅकवर उचलूनच मार. गाडी उभी असताना वजनानं आटे एका बाजूले चिपकून राहतात, ग्रीसले जागा नाही. सांध्यातून जुनं काळं निघून नवं दिसू लागलं की थांब. दर हजार-दीड हजार किलोमीटरले. पावसात चिखलातून नेली तर त्याच आठवड्यात. दोन्ही बाजू झाल्यावर अलाइनमेंट केल्याशिवाय नवा टायर चढवू नको.

मायनरवाला, पुणे

शंभरेक किलोमीटर चालवून झाली की सपाट जागेवर दोन्ही बाजूंची उंची परत मोजा, नवे बुश थोडे बसतात. आणि नट सुटू नये म्हणून घालतात त्या स्प्लिट पिना नव्याच टाकल्या ना? जुनी सरळ करून परत घालायचा मोह होतो.

घाटंजीवाला

पिना नव्या, निप्पलही नवा. उजवा ट्रुनियन परवा कोलकात्याहून निघाला म्हणतात. आई रोज विचारते, उजवीकडचा ब्रेक कधी दाबायचा.