दोन १०७० लावून पैसे वाचवा म्हणे!

सत्तरीकर:
काल डबलबार यांनी लिहिलं, "तीस हजारांचं एक नवं ग्राफिक्स कार्ड घेणारे मूर्ख. तेवढ्यात दोन सेकंडहँड जीटीएक्स १०७० येतात. आठ आणि आठ सोळा जीबी मेमरी, वर पैसे उरतात." त्याखाली अकरावीतल्या एका पोराने "थँक्यू दादा, चतुर्थीला घेतो" असं लिहिलंय. ते वाचून गप्प बसवेना.

आठ आणि आठ सोळा होत नाहीत हो. गेमचा सगळा पसारा दोन्ही कार्डांना आपापल्या मेमरीत वेगळा ठेवावा लागतो, म्हणजे आठचे आठच. एसएलआयला, म्हणजे दोन कार्डं जोडून एकच गेम चालवायच्या सोयीला, कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाचं त्या-त्या गेमसाठीचं प्रोफाइल (ड्रायव्हरमधलं सेटिंग) लागतं, आणि नवी प्रोफाइलं १ जानेवारी २०२१ पासून बंद आहेत. त्यानंतरच्या गेममध्ये बनवणाऱ्यांनी स्वतः सोय केली असेल तरच दुसरं कार्ड हलणार. ती सोय कोण करतो? दुसरं कार्ड आपलं पंखा फिरवत बसतं.

आणि मी हे भोगलंय. २०१६ ते २०१९ माझ्याकडे दोन १०७० होती. कोपऱ्यात फ्रेमचा (सेकंदाला किती चित्रं) आकडा नव्वद, डोळ्याला पन्नास. दोन्ही कार्डं आळीपाळीने फ्रेम काढतात ना, रायबंदर-चोडणला दोन फेरीबोटी लावल्यासारखं. तासाला फेऱ्या दुप्पट, पण एक धक्क्याला लागते न लागते तोच दुसरी तिच्या पाठीला पाठ लावून येते, आणि मग कितीतरी वेळ नदीत काहीच नाही. धक्क्यावर उभ्या माणसाला फेऱ्यांचा हिशेब काय करायचाय?

डबलबार:
तुम्हाला सेटिंग जमलं नाही म्हणून तंत्रज्ञान वाईट? माझ्याकडे जीटीए फाइव्ह आणि विचर थ्री लोण्यासारखे चालतात. दुसरं, नवं कार्ड घ्या म्हणणाऱ्यांनी जरा पणजी-मडगावच्या दुकानांत फिरून यावं. मला एकाने ऑनलाइनपेक्षा चार हजार जास्त सांगितले, वर बिल मागितलं तर तोंड असं केलं जणू त्याची जमीन मागितली. त्यापेक्षा जुनी कार्डं परवडली.

सत्तरीकर:
दोन्ही गेम पीसीवर २०१५ चे. दहा वर्षांपूर्वीच्या लग्नाचा अल्बम दाखवून "बघा, अजून तरुण दिसतो" म्हणण्यातली गत.

पर्वरीचा रेंडरवाला:
दोघेही घाई करताय. माझ्याकडे दोन ३०९० आहेत आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडरचा (चित्र तयार व्हायचा) वेळ जवळजवळ निम्मा होतो, कार्डांना जोडणारा ब्रिजबिज काही न लावता. दोन कार्डं मेली असं सरसकट म्हणू नका. गेममध्ये मेली. एनव्हिडियाने ४०९० ला तर एनव्हीलिंकची, म्हणजे त्या ब्रिजची, जागाच ठेवली नाही, तरी आमच्या कामाचं काही अडलं नाही.

सत्तरीकर:
मान्य, पात्राव. पण त्या पोराला चतुर्थीच्या सुट्टीत गेम खेळायचाय, बंगल्याचं वॉकथ्रू नाही बनवायचं.

वास्कोचा खारा वारा:
एक राहिलं. हल्लीचे गेम कडा गुळगुळीत करायला मागची फ्रेम वापरतात. ती मागची फ्रेम असते दुसऱ्या कार्डावर! ती आणायची म्हणजे एकमेकांची वाट बघणं आलं. एनव्हिडियाने उगाच दुकान बंद नाही केलं.
शिवाय चिकटून बसवलेली दोन कार्डं म्हणजे वरचं कार्ड खालच्याची गरम वाफ पिणार. माझं वरचं मे महिन्यात ८३ अंशाला जाऊन आपोआप मंद व्हायचं. आणि आमच्याकडे समुद्राचा वारा, सेकंडहँड कार्ड घेताना खालची, स्लॉटमध्ये जाणारी सोनेरी पट्टी आधी बघा. माझ्यावर हिरवट थर होता, विकणारा म्हणे "हळद लागली असेल". हळद!

डबलबार:
हो हो, सगळे इंजिनिअर. मी हजार वॉटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) लावलाय, ३०० वॉट कार्डांना आरामात. पॉवर अशी की अनवाणी कॅबिनेटला हात लावला तर बोटांना झिणझिण्या येतात. 😎

अर्थिंगकाका:
ती पॉवर नव्हे बाबा! घरात अर्थिंग नाहीये तुझ्या.
एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर, एक फेजकडून, एक न्यूट्रलकडून, पत्र्याला जोडलेले. अर्थ असेल तर तो करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगतो. करंट अगदी किरकोळ, त्याने मरत नाही कोणी. पण आत खरंच फेज पत्र्याला लागली तर? घर जुनं चिऱ्याचं का?

डबलबार:
डिचोलीत, आजोबांचं. तीन पिनी आहेत सगळीकडे.

अर्थिंगकाका:
तिसऱ्या भोकामागे वायर आहे का ते बघ. चाळीस वर्षं हेच करतोय मी, निम्म्या घरांत तिथे नुसती हवा असते. असली तर परसातल्या अर्थिंगच्या पाइपपर्यंत जाते, आणि त्या खड्ड्यात कोळसा-मीठ घातलं कधी कोणी? एप्रिल-मेमध्ये जांभा असा सुकतो की पाइप असून नसल्यासारखा. वायरमनकडून मोजून घे, आणि गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी बसव, ३० मिलिअँपिअरचा.

वास्कोचा खारा वारा:
आरसीसीबीचं नाव काढू नका. पावसाळ्यात आमच्याकडे रात्री तीनदा पडायचा, शेवटी काढून टाकला.

अर्थिंगकाका:
काढून टाकला!! ताप येतो म्हणून थर्मामीटर फोडला! ओली भिंत, गॅलरीतलं सॉकेट, कुठेतरी गळती होती म्हणून पडत होता तो. कोणी काढून दिला?

वास्कोचा खारा वारा:
मीच. आणि ओरडू नका, इथे ग्राफिक्स कार्डाची चर्चा चाललीय.

पर्वरीचा रेंडरवाला:
चालली होती.

चतुर्थीला घेणारा:
मग मी काय घेऊ?

सत्तरीकर:
एकच. बजेट तीस असेल तर आरटीएक्स ४०६० बघ, ११५ वॉटमध्ये भागतं, साधा एसएमपीएस पुरतो. दोन १०७० ना ३०० वॉट. आणि त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर २०२५ च्या ऑक्टोबरनंतर थांबलेत.

अर्थिंगकाका:
आणि त्याआधी तिसरी पिन.

डबलबार:
चार दिवसांनी लिहितोय. वायरमन आला होता. बैठकीच्या खोलीतल्या सॉकेटमागे वायर कापून टेप लावलेली निघाली. परसात खड्डा खणला, आईने मिठाची पिशवी बघून विचारलं लोणचं कुठे घालतोस. झिणझिण्या गेल्या.
एक कार्ड काढून जीटीए चालवला. आकडा खूप खाली आला, हे लिहून ठेवा. गाडी वळताना जे अडखळायचं ते मात्र दिसलं नाही. सत्तरीकर, लगेच नाचू नका.
एक १०७० विकणे आहे. पट्टी स्वच्छ, हळद नाही. ब्रिज फुकट.