'बस स्पीड' : वेग, वारंवारता की बिटदर?

प्रश्न (सातपूर): डिप्लोमाच्या इंटर्नसाठी ड्रायव्हर सेटिंगच्या मराठी नोट्स लिहितोय. आय-टू-सीसाठी (चिपांना जोडणारी दोन तारांची 'बस', म्हणजे डेटाची सामायिक वाट) 'बसचा वेग : 400000' असं लिहिलं, तर पहिलाच प्रश्न आला, 'सर, 400000 काय?' तिथे नेमका कोणता शब्द वापरावा?

अंबडहून : 'वेग' नकोच. आय-टू-सीत क्लॉकची वेगळी तार असते, एससीएल. तिच्यावर सेकंदाला किती ठोके पडावेत एवढंच तुम्ही ठरवता. म्हणून 'क्लॉक वारंवारता, हर्ट्झमध्ये'. लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीतही (हार्डवेअरचं वर्णन करणारी फाइल) 'क्लॉक-फ्रिक्वेन्सी' असंच आहे, हर्ट्झमध्ये. एसपीआयला (क्लॉकची तार असलेली दुसरी बस) 'मॅक्स' जोडलंय, कारण मूळ क्लॉकला भागणाऱ्या डिव्हायडरमुळे प्रत्यक्षात कमीही मिळते. तिथे 'कमाल' गाळू नका.

सातपूर : पण स्पेसिफिकेशनमध्ये फास्ट मोड 400 किलोबिट प्रति सेकंद लिहिलाय. आकडा तोच, मग फरक काय पडतो?

सिन्नरहून, गाड्यांच्या ईसीयूवर (गाडीतला कंट्रोल कॉम्प्युटर) काम करते : एका ठोक्याला एक बिट, म्हणून आकडा जुळतो. पण दर आठ बिटांमागे पोचपावतीचा नववा ठोका असतो. 'वेग' वाचला की पोरं सरळ आठने भागतात आणि सेकंदाला 50,000 बाइट धरतात. मिळतात फार तर 44,444, त्यातही पत्त्याचा बाइट आलाच.

कॅनचं (गाड्यांतली बस) उलटं. तिथे क्लॉकची तारच नाही. प्रत्येक नोड आपल्या ऑसिलेटरवरून बिटचा काळ मोजतो, त्याचे टाइम क्वांटा (छोटे समान तुकडे) पाडतो. हर्ट्झ म्हटलं की माणूस कंट्रोलरच्या क्लॉककडे बघतो, उदाहरणार्थ 80 मेगाहर्ट्झ, आणि तो आकडा बिटचा काळ काढताना वेगळा लागतो. तिथे 'बिटदर'च. झेफरमध्येही (छोट्या उपकरणांची ऑपरेटिंग सिस्टिम) आधी 'बस-स्पीड' होतं, पुढे 'बिटरेट' केलं. कॅन एफडीत (कॅनची नवी आवृत्ती) तर दोन बिटदर, त्यामुळे एकटा 'वेग' कुठला तेही कळत नाही.

अंबड : मान्य. यूआर्टला (क्लॉकच्या तारेशिवायची साधी सीरियल जोडणी) मात्र 'बॉड'च राहू द्या, म्हणजे सेकंदाला किती सिग्नल-चिन्हं जातात ते; सगळ्यांच्या तोंडी तेच आहे. ('बॉड रेट' ही द्विरुक्ती, बॉडमध्ये 'दर सेकंदाला' आलंच. पण आता कोण ऐकणार!) सिग्नलच्या दोनच पातळ्या असल्याने तिथे बॉड आणि बिट सारखे. 9600 बॉडला स्टार्ट-स्टॉप धरून दहा बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला 960 बाइट.

सातपूर : आणि किलोहर्ट्झ? जुन्या कोडमध्ये फक्त 100 लिहिलंय.

सिन्नर : फील्ड 16 बिटांचं असेल. त्यात 65,535 च्या वर जाता येत नाही, 100000 मावणारच नाही. 32 बिट असतील तर अख्खे हर्ट्झ लिहा. हर्ट्झच्या फील्डमध्ये कुणी 400 टाकलं आणि ड्रायव्हरने ते घेतलं, तर बस बंद पडत नाही, रांगते. दोष सापडायला उशीर लागतो. म्हणून फील्डच्या नावातच एकक घाला.

सातपूर : मग 'आय-टू-सी क्लॉक वारंवारता (हर्ट्झ)' आणि 'कॅन बिटदर (बिट/सेकंद)'. 'बस' तशीच ठेवतो.

अंबड : ठेवा. 'वाहिनी' लिहिलंत तर पोरं टीव्ही शोधतील.