मदत हवी आहे: शुक्राचा दिवस मोठा की वर्ष, मुलांना कसं सांगू?

वाचनालयाच्या बालविभागात मी 'अजब पण खरं' असा फलक लिहिते. या वेळचं वाक्य: 'शुक्रावरचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो.' मुलं फलकापुढून हलेनात. निम्मी म्हणाली, थापा आहेत! सातवीतल्या एका मुलीने मात्र नेमकी शंका काढली: दिवस म्हणजे सूर्योदय ते सूर्योदय ना?

शुक्राला स्वतःभोवती एक फेरी घ्यायला पृथ्वीचे सुमारे 243 दिवस लागतात, सूर्याभोवती 225. पण तो स्वतःभोवती उलटा फिरतो, त्यामुळे तिथे सूर्योदय ते सूर्योदय साधारण 117 दिवसच. म्हणजे मुलीचा मुद्दा रास्त आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय सोडणार नाही याचा मला फार आनंद आहे.

मोसंबी आणि बॅटरी घेऊन दाखवून झालं. फेरी कळली, पण उलट्या फिरण्याने दिवस छोटा का होतो, तिथे गाडी अडते. 'नाक्षत्र दिवस' (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली स्वतःभोवतीची एक पूर्ण फेरी) हा शब्द पाचवीच्या मुलांच्या डोक्यावरून गेला. व्हिडिओची सोय नाही, फलकावर चारच ओळी मावतात. वाक्य पुसायचं नाहीये.

वाक्यातला अचंबा टिकेल आणि दोन्ही 'दिवस' वेगळे कळतील, असं चार ओळींत कसं लिहावं? उलट्या फिरण्यासाठी मुलांनाच उभं करून करता येईल असा खेळ कुणी घेतला आहे का?